फरारी कायद्याचा तास

भोये सर अमेरिकेचा नकाशा फळ्यावर काढत नसत, वर्गात बसवत. एम.ए.च्या पहिल्याच तासाला ते आत आले, हजेरी घेतली नाही, नावं विचारली नाहीत. म्हणाले, "उठा सगळे. पिशव्या घ्या. ज्या राज्यांत माणूस विकता येत नाही ती राज्यं खिडकीकडे. ज्या राज्यांत येतो ती भिंतीकडे. मधली वाट म्हणजे ओहायो नदी. नदी ओलांडायची तर मला विचारून."

आम्ही हसलो. पण तासाभरात लासलगावचा एक धिप्पाड पोरगा मिसुरी झाला होता आणि भिंतीकडे गेला होता. त्याच्यासाठी म्हणून एका मुलीला मेन राज्य करून खिडकीकडे बसवलं होतं. त्या पोराने विचारलं, "सर, मी आलो तर तिला का हलवलं?" सर म्हणाले, "दोन्हीकडची डोकी सारखी राहायला हवीत म्हणून. त्या देशाचं राजकारण कितीतरी वर्षं एवढंच होतं बघ. डोकी मोजायची, आणि ज्यांचं डोकं धरायचंच नाही त्यांच्याविषयी बोलायचं."

मी शेवटच्या बाकावर होतो. मला कुठलंच राज्य मिळालं नव्हतं. "तू का घेतलास इतिहास?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अजून काही ठरलं नाही, सर." वर्ग खदखदला. सरही हसले. "मग तू कॅन्सस. तुझं तूच ठरवायचंस. आणि सांभाळ, तुझ्यावरूनच सगळ्यांची डोकी फुटणार आहेत." तेव्हापासून दोन वर्षं मी कॅन्ससच होतो. व्हरांड्यात समोरून आले की ते लांबूनच हाक द्यायचे, "काय कॅन्सस, ठरलं का?"

शिडशिडीत बांधा, काळा वर्ण, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि नाशिकच्या थंडीतही स्वेटर नाही. लूनावरून येत. डब्यात नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. स्टाफरूममध्ये डबा उघडला की कोणीतरी हटकून म्हणायचं, "भोये, आज पण काळी भाकरी?" सर शांतपणे अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवायचे. "खाऊन बघा. आमच्या डोंगराचं सगळंच काळं आहे, पण पचतं."

त्यांचा डोंगर पेठच्या पलीकडचा. आश्रमशाळेत शिकले, मग नाशिकला वसतिगृहात राहून एम.ए. केलं. मराठ्यांचा इतिहास सोडून अमेरिकेचा पेपर का घेतला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तो कोणी मागत नव्हतं, म्हणून मिळाला. मग वाचायला लागलो आणि वाटलं, अरे, हे तर आपल्याकडचंच चाललंय. फक्त नद्यांची नावं वेगळी."

शिकवताना पुढाऱ्यांची नावं ते टाळत. "नावं परीक्षेनंतर विसरतात. माणूस काय करून गेला तेवढं लक्षात ठेवा," म्हणत. केंटकीचा जो म्हातारा सिनेटर दर भांडणात मध्ये पडायचा, तो त्यांचा 'मिटवकाका'. दक्षिणेचा तो दाट भुवयांचा, जळजळीत डोळ्यांचा पुढारी म्हणजे 'भुवया'. आणि इलिनॉयचा ठेंगणा सिनेटर, जो म्हणाला की नव्या प्रदेशातल्या लोकांनीच मतदान करून गुलामी ठेवायची की नाही ते ठरवावं, त्याला ते 'ज्याचंत्याने' म्हणत. "ज्याचंत्याने म्हणतो, ज्याचं त्याने ठरवा. लोकशाहीच झाली की हो! पण ज्याला विकायचं त्याला मत आहे का? मग हे 'ज्याचं' म्हणजे नक्की कोणाचं?"

आणखी एक शब्द त्यांनी आमच्या तोंडून कायमचा काढला. कोणी 'गुलाम' म्हटलं की ते खडू खाली ठेवायचे. "गुलाम असा कोणी नसतो. गुलाम केलेला माणूस असतो. वाक्य लांब होतं, होऊ दे. केलं कोणी, हे विचारायला जागा राहते."

मेक्सिकोशी लढाई झाली, पश्चिमेची अफाट जमीन हाती आली आणि भांडण पुन्हा पेटलं, इथपर्यंत शिकवून झालं की मग यायची अठराशे पन्नासची तडजोड. ती शिकवताना ते टेबलाभोवती रिकाम्या खुर्च्या मांडायचे. एक मिटवकाकाची, एक भुवयांची, असं करत. मग आम्हाला विचारायचे, "या खोलीत कोण नाही?" आम्ही उत्तरं द्यायचो, उत्तरेचा अमुक, दक्षिणेचा तमुक. ते मान हलवत राहायचे. "ज्याच्याबद्दल तडजोड चालली आहे, तो नाही. कुठलीही तडजोड वाचताना आधी हे बघा. खोलीत कोण नव्हतं."

त्याच तडजोडीत फरारी माणसांचा कायदा होता. मालकाकडून पळून उत्तरेत आलेल्या माणसाला पकडून परत द्यायचं, नुसतं सरकारने नाही, सामान्य नागरिकानेही मदत करायची, न केली तर शिक्षा. पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने बोलायची परवानगी नाही. तो तास मला अजून शब्दन् शब्द आठवतो. सर म्हणाले होते, "मालकाजवळ बंदूक होती, घोडे होते, कुत्रे होते. तरी त्याला कायदा का लागला? कारण कुत्र्याला वास येतो, पण दार कुठलं ते कळत नाही. दार शेजाऱ्याला माहीत असतं. या कायद्याला हवा होता तो शेजारी. चांगला, सभ्य, चर्चला जाणारा. त्याने मारायचं नाही, बांधायचं नाही. फक्त बोट दाखवायचं."

त्या विषयावर मी निबंध लिहिला. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. वाचता वाचता एका वाक्याशी थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "कॅन्सस, हे तू लिहिलंस?" मी हो म्हटलं. "मग तुझं ठरलं म्हणायचं." मला त्या क्षणी जे वाटलं तसं नंतर कधी कशानेच वाटलं नाही. नोकरी लागली तेव्हाही नाही, मुलगा झाला तेव्हाही नाही.

माझं गाव निफाडच्या बाजूला. आमच्या द्राक्षबागा. दिवाळीच्या आसपास छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येत. मुकादम पावसाळ्यातच डोंगरात जाऊन घरोघरी उचल देऊन येई, आणि उचल घेतलेलं माणूस माल निघेपर्यंत बागेतून हलायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. तो कुठे लिहिलेला नव्हता. त्याला आम्ही वाईटही म्हणत नव्हतो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, मजुरांना हाताने मारणारे नव्हते. सणाला गोडधोड द्यायचे. पण टोळीतलं कोणी न सांगता गेलं की त्यांच्या तोंडात एकच शब्द यायचा: पळाले. गेले नाही, पळाले. तो शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो. सरांच्या तासाला बसूनही तो शब्द मला कधी टोचला नव्हता.

सरांचं घर पेठ रोडला. दोन खोल्या. त्यात सर, काकू, आणि डोंगरातून आलेलं कोणी ना कोणी. सिव्हिल हॉस्पिटलला दाखवायला आलेली म्हातारी, परीक्षेला आलेली पोरं, शेवटची एस.टी. चुकलेला बाप्या. काकू स्टोव्हला पंप मारता मारता म्हणायच्या, "आमचं घर नाही हे, स्टँड आहे. नुसती चौकशीची खिडकी राहिलीय." मी रविवारी जायचो, पुस्तकं आणायला म्हणून, आणि जेवूनच निघायचो. मी मालकाच्या घरचा आहे हे सरांना माहीत होतं. एकदाच ते त्याविषयी बोलले. भाकरी मोडत, हसत म्हणाले, "तुमचं निफाड मी आईच्या पाठीवरून पाहिलंय. ती बागेत डहाळ्या गोळा करायची आणि मी झोळीत. छान गार सावली असते, नाही?" त्यांनीच विषय बदलला.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात आमच्या बागेतून एक जोडपं गेलं. सोमा आणि जानकी. जानकीच्या कडेवर तान्हं मूल होतं. त्याला ताप भरला होता, छाती वाजत होती. सोमाने दादांकडे नाशिकला जायची परवानगी मागितली, तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो. दादा म्हणाले, "मण्यांची विरळणी आटपू दे. आठ दिवसांनी जा. गावात डॉक्टर हाय की." मुकादम म्हणाला, "एकदा गेली की परत येत नाय ही, मालक." दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यांच्या पालात चूल थंड होती.

त्यानंतरच्या रविवारी मी सरांकडे गेलो. मागच्या दाराशी जानकी बसली होती, मूल मांडीवर. तिने मला पाहिलं. मी कधी माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरताना पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. ती उठली आणि मूल छातीशी धरून भिंतीला टेकली. सरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. मला वाटलं, आता ते मला शपथ घालतील. समोर बसवतील, समजावतील. ते म्हणाले, "जानके, बस. तो घरचाच आहे." आणि मला म्हणाले, "हात धू. जेवायला बस."

काकूंनी जेवताना सांगितलं की मूल रोज हॉस्पिटलला न्यावं लागतं, सुया चालू आहेत, आणखी थोडे दिवस लागतील, पण छाती मोकळी व्हायला लागलीय. मी ऐकलं. सगळं ऐकलं.

यापुढचं मी आजवर ज्या तऱ्हेने स्वतःला सांगत आलो, तसं आधी सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा औषधाच्या टाकीत काठी फिरवत होते. म्हणाले, "आरं, तुझ्या त्या मास्तरांकडं डोंगरची माणसं येत्यात ना? तिकडं तर नाय गेली ही?" मी गप्प राहिलो. माझ्या गप्प बसण्यावरून त्यांनी ओळखलं. माझा दोष एवढाच, की मला खोटं बोलता आलं नाही.

हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगितलं. बायकोलाही एकदा असंच सांगितलं. ते खरं नाही.

मी गप्प राहिलो हे खरं, पण थोडाच वेळ. दादा म्हणाले, "सांग की. मी काय खाणार हाय का त्यांना? टोळीतली बाकीची बघत्यात. ही गेली तर उद्या समदी जातील, माल वेलीवर सडंल. तुझं शिक्षण ह्याच्यावरच चाललंय ना?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित मी नाही म्हटलं असतं. मी सांगितलं. पेठ रोडवरची गल्ली सांगितली, पिठाच्या गिरणीची खूण सांगितली, निळं दार सांगितलं. आणि दादांनी न विचारता एक गोष्ट वर सांगितली. म्हटलं, "सर असताना जाऊ नका. मंगळवारी दुपारी त्यांचे तास असतात."

सरांचा अपमान होऊ नये, म्हणून मी ते बोललो. मला खरंच असं वाटलं होतं. मी सरांची काळजी घेत होतो.

मंगळवारी दुपारी मी वर्गात होतो. सर कॅन्सस शिकवत होते. दोन्ही बाजूंची माणसं त्या प्रदेशात कशी घुसली, मतपेट्या कशा भरल्या, घरं कशी जाळली. त्यांना त्या दिवशी रंग चढला होता. खिडकीकडून भिंतीकडे, भिंतीकडून खिडकीकडे येरझाऱ्या घालत होते. मी दाराच्या वरच्या घड्याळाकडे पाहत होतो. सर माझ्या बाकाशी थांबले. "काय कॅन्सस, आज तुझाच तास आहे आणि तू घड्याळ बघतोस? घाई आहे का कुठे?" सगळे हसले. मीही हसलो.

मी तेव्हा उठून सांगू शकलो असतो. सरांच्या लूनावरून घर वीस मिनिटांच्या आत होतं. तास संपला. सरांनी खडूची पूड झटकली. मी वही मिटली.

जीप घेऊन मुकादम आणि आणखी तिघं गेले होते. काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या, त्यांना ढकललं. चौकटीवर आपटून त्यांचा हात मोडला. सोमाला गिरणीपुढे, लोकांदेखत मारलं. जानकी स्वतःहून जीपमध्ये बसली, मूल हिसकावतील या भीतीने.

मग त्याच रात्री थंडी पडली. निफाडची थंडी ज्यांनी भोगली नाही त्यांना सांगून कळायची नाही. पारा घसरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, धुरात ऊब धरून राहते. त्या पहाटे आम्ही सगळे बागेत होतो. दादा, मी, मजूर. सोमा पाचट टाकत होता. द्राक्षं वाचली. पालात शेकोटी नव्हती. उजाडल्यावर जानकीचा आवाज आला. तो आवाज ऐकून मजुरांनी हातातलं काम टाकलं, आणि दादांनी त्यांना उचला म्हटलं नाही.

दुपारी भोये सर एस.टी.ने आले. गावच्या सोसायटीच्या खोलीत दादा, सरपंच, मुकादम आणि सर बसले. मी घरात होतो, माडीच्या खिडकीशी. सोमा आणि जानकी सोसायटीच्या बाहेर लिंबाखाली बसलेली दिसत होती. बऱ्याच वेळाने सर बाहेर आले. जानकीने उठून त्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. तिघं स्टँडकडे चालत गेली. दादा घरी येऊन आईला म्हणाले, "मिटलं. मास्तर समजूतदार माणूस हाय." तक्रार झाली नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. हेही लिहायलाच हवं.

मला वाटलं होतं, सर मला वर्गातून काढतील. तसं काही झालं नाही. पुढच्या तासाला ते आले, शिकवलं. फक्त नकाशा मोडला. "बसा कुठेही," म्हणाले. मला नंतर कोणीच कॅन्सस म्हटलं नाही, कारण ते नाव एकटे तेच घेत असत. रविवारी मी गेलो नाही आणि त्यांनी बोलावलं नाही. काकूंचा हात गळ्यात बांधलेला मी एकदा बाजारात लांबून पाहिला आणि दुसऱ्या गल्लीत वळलो.

मी पहिल्या वर्गात पास झालो. काही वर्षांनी त्याच कॉलेजात जागा निघाली आणि मला मिळाली. मुलाखतीच्या समितीत सर होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, मराठ्यांच्या महसुलावर. बाहेर आल्यावर एक जण म्हणाला, "तुझ्यासाठी भोये भांडले रे आत." मी त्यांचे आभार मानायला गेलो, तर ते फाईल चाळत म्हणाले, "तुम्ही चांगलं शिकवाल." एवढंच.

आम्ही एकाच स्टाफरूममध्ये कितीतरी वर्षं बसलो. त्यांनी अमेरिकेचा पेपर हळूहळू कोरडा करून टाकला होता. नवी मुलं म्हणायची, भोये सर नोट्स देतात, बरं आहे, पास होतो. खुर्च्या मांडणं बंद झालं होतं. मिटवकाका, भुवया, ज्याचंत्याने, कोणीच उरलं नव्हतं. सगळ्यांना त्यांची खरी, छापील नावं परत मिळाली होती. मला वाटे, मी त्यांचा विश्वास मोडला, म्हणून हे झालं. तेवढंच मला माहीत होतं. ते निवृत्त झाले आणि तो पेपर माझ्याकडे आला. फरारी कायद्याचा भाग मी दरवर्षी वगळतो. मुलांना सांगतो, यावर प्रश्न येत नाही.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. छातीचं दुखणं होतं, फार दिवस काढले नाहीत. मी अंत्ययात्रेला मागे मागे चाललो. दहाव्यानंतर मात्र पेठ रोडला गेलो. दार आता निळं नव्हतं. काकूंनी मला ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं. त्यांचा डावा हात कोपरातून सरळ होत नाही. पेला त्यांनी उजव्याने पुढे केला आणि मी तो दोन्ही हातांनी घेतला.

मी म्हटलं, "काकू, त्या वेळी पत्ता मी..."

"माहीत आहे रे," त्या म्हणाल्या. "तुझ्याशिवाय कोणी पाहिलंच नव्हतं त्यांना." मग म्हणाल्या, "तुला एक माहीत नसेल. ते तिथे तक्रार लिहायला बसले होते. कागद काढला होता. तुमचे सरपंच म्हणाले, लिहा सर, खुशाल लिहा, पण घर कोणी दाखवलं ते पण त्यात येणार. तुमचाच विद्यार्थी आहे. पोलीस त्याला पण नेणार, पुढं नोकरी लागायची नाही. यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मिटवा."

मी पेला खाली ठेवला.

"बाहेर आले तर जानकीने विचारलं, काय ठरला? यांच्याने बोलवेना. घरी येऊन मला म्हणाले, एकाचं पोर गेलं, दुसऱ्याचं वाचवलं, हा कुठला हिशेब केला मी? आयुष्यभर पोरांना काय शिकवलं, आणि खोलीत बसल्यावर काय केलं? जानकी दर वर्षी येते. नागली घेऊन येते, वालाच्या शेंगा आणते. ती आली की हे मागल्या खोलीत जाऊन पडायचे. झोप लागलीय म्हणून सांग, म्हणायचे. तिला कळायचं. ती काही बोलायची नाही. मी म्हणायची, अहो, एकदा बोला तिच्याशी. म्हणायचे, काय बोलू? माझ्या विद्यार्थ्याची नोकरी होती, म्हणून? हे सांगू तिला?"

मी एवढी वर्षं समजत होतो की त्यांचं माझ्यावरचं प्रेम तिथे संपलं. संपलं असतं तर बरं झालं असतं. ते मोकळे झाले असते. त्यांनी मला वाचवलं, आणि त्यासाठी स्वतःला कधी माफ केलं नाही. आणि मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून वर्षानुवर्षं चहा पीत राहिलो, माझ्याच अपराधाला कुरवाळत. त्यांचं काय मोडलं आहे हे मी एकदाही विचारलं नाही.

"बस थोडा," काकू म्हणाल्या. "ती आलीय. हॉस्पिटलच्या बाजूला गेलीय, येईल."

मला पळून जावंसं वाटलं. खरंच तो शब्द मनात आला, आणि मी बसून राहिलो.

जानकी आली. केस पिकलेले, अंगाने वाळलेली, हातात पिशवी. तिने दारातूनच मला पाहिलं आणि या खेपेला तिचा चेहरा जराही बदलला नाही. पिशवी खाली ठेवली. समोर बसली.

"तू मालकाचा पोऱ्या," ती म्हणाली.

"हो."

"सरांसाठी आला?"

"हो." मग मी बोललो. "तुम्ही इथे आहात हे मीच सांगितलं होतं. सर तासाला असतात ती वेळ पण मीच सांगितली. आणि सरांनी तक्रार केली नाही ती माझं नाव येऊ नये म्हणून. त्यात तुमचा काही... त्यांची इच्छा नव्हती मिटवायची. माझ्यामुळे मिटवलं."

काकू भिंतीकडे बघत होत्या. बाहेर रिक्षा थांबली, गेली.

"तू सांगितला, ता ठावा होता," जानकी म्हणाली. "जीपमधीच ठावा होता. सरांचा नव्हता ठावा." तिने पदराने तोंड पुसलं. "मला वाटला, आम्ही डोंगरची म्हणून त्याही मिटवला. तेही डोंगरचेच, तरी. तोच राग होता माझे मनात. ते आता नाहीत, आन तू आज सांगतोस."

मी एक वर्ष आधी इथे आलो असतो, काकूंकडून हे कळून तिला सांगितलं असतं, तर त्या मागच्या खोलीतून सर उठून बाहेर आले असते. एवढंच करायचं होतं. पेठ रोड माझ्या घरापासून लांब नाही.

ती उठली. तिला एस.टी. गाठायची होती. दाराशी जाऊन मागे वळली.

"माझे पोरीचा नाव ठावा आहा का तुला?"

मला ती मुलगी होती हेही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी 'मूल' म्हणत आलो. वरही तेच लिहिलं आहे. मी नाही म्हणून मान हलवली.

"मंजुळा," ती म्हणाली. आणि गेली नाही. चपला पायात घालून, पिशवी हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. ती कशासाठी थांबली आहे हे कळायला मला वेळ लागला.

"मंजुळा," मी म्हटलं.

मग ती गेली.